फिरती नोटरी आणि ऑनलाइन नोटरी: न्यू जर्सीतील मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

न्यू जर्सीतील मराठी कुटुंबे आमच्याकडे तऱ्हतऱ्हेचे कागद घेऊन येतात. ठाण्यातील वडिलोपार्जित सदनिका विकण्यासाठी भावाच्या नावे द्यायचे मुखत्यारपत्र, मुले सुट्टीत आजी-आजोबांबरोबर भारतात जाणार असतील तर आई-वडिलांचे संमतिपत्र, पासपोर्ट किंवा ओसीआयच्या (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाच्या) अर्जाला जोडायचे प्रतिज्ञापत्र, घराचे कर्ज नव्याने घेताना बँकेने पाठवलेला कागदांचा गठ्ठा. या सर्वांवर नोटरीची सही आणि शिक्का लागतो, एवढे साम्य सोडले तर प्रत्येकाची वाट वेगळी आहे. नोटरीला घरी बोलवावे की संगणकासमोर बसून ऑनलाइन काम उरकावे, हे केवळ सोयीवर ठरवू नये. तो कागद शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार आहे हे आधी पाहावे, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. ते टेबल अमेरिकेतील असेल तर ऑनलाइन सेवेने बहुतेक वेळा काम भागते. ते पुण्या-मुंबईतील दुय्यम निबंधकाचे, म्हणजे मिळकतीचे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचे, असेल तर भागत नाही, आणि हे उशिरा कळले तर व्यवहार महिनोन्‌महिने अडकून पडतो.

नोटरीचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते

भारतात नोटरी हा सहसा अनुभवी वकील असतो आणि त्याची नेमणूक नोटरी अधिनियम, १९५२ खाली होते. त्यामुळे नोटरी मसुदा वाचून त्यातील उणिवा सांगेल, अशी आपली सवयीची अपेक्षा असते. न्यू जर्सीत तसे नाही. येथे राज्याचे कोषाध्यक्ष पाच वर्षांसाठी नोटरीची नेमणूक करतात. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि राज्यात राहणारी किंवा नोकरी-व्यवसाय करणारी व्यक्ती अर्ज करू शकते, वकील नसलेल्या नव्या अर्जदारास सहा तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण करावी लागते, आणि कायद्याची पदवी लागत नाही. वकील नसलेल्या नोटरीने कायदेशीर सल्ला देणे, मसुदा तयार करून देणे किंवा व्हिसाच्या अर्जाबाबत मार्गदर्शन करणे येथे कायद्याने मना आहे. म्हणून "यात आणखी काय लिहायला हवे?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही देत नाही. त्यामागे अनास्था नाही. ते उत्तर देण्याचा अधिकार आपल्या वकिलाचा आहे.

नोटरी खात्री करतो ती तीन गोष्टींची: समोरची व्यक्ती तीच आहे, ती स्वखुशीने सही करीत आहे, आणि आपण कशावर सही करीत आहोत याचे तिला भान आहे. कागदातील मजकूर खरा आहे, अशी हमी नोटरीच्या शिक्क्यात नसते.

साक्षांकनाचे, म्हणजे नोटरीने सही-शिक्क्याने प्रमाणित करण्याचे, दोन प्रकार आपल्याला वारंवार भेटतील. पहिल्यात आपण नोटरीसमोर "ही सही माझीच आहे आणि मी ती स्वेच्छेने केली आहे" असे कबूल करता; मुखत्यारपत्रे, खरेदीखते आणि कर्जाच्या कागदांना बहुधा हा प्रकार लागतो. दुसऱ्यात आपण मजकूर खरा असल्याची शपथ घेता आणि नोटरीच्या डोळ्यांदेखत सही करता. प्रतिज्ञापत्रे या प्रकारात मोडतात. आपल्या कागदाला कोणता प्रकार लागतो हे नोटरी ठरवू शकत नाही. ते कागद मागणाऱ्या कार्यालयाने किंवा मसुदा करणाऱ्या वकिलाने सांगायचे असते. शंका असेल तर भेट होईपर्यंत सही करू नये, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

नावांची अडचण

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त भेटी ज्या कारणाने लांबणीवर पडतात ते कारण म्हणजे नाव. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, लग्नानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि अमेरिकेतील लायसन्सवर कधी मधले नाव गळते, तर कधी त्याचे एकच अक्षर उरते. सातबारावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे नाव आणि मसुद्यात तिसरेच काही, असा कागद समोर आला की ओळखपत्रावरील व्यक्ती आणि कागदातील व्यक्ती एकच आहे असे म्हणणे आम्हाला अवघड होते. भारतातील वकिलाकडून मसुद्यातच "उर्फ" किंवा "पूर्वाश्रमीच्या" असे घालून दोन्ही नावे लिहून घ्यावीत. आमच्यासमोर पेनाने नाव दुरुस्त करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, कारण खाडाखोड झालेला कागद पुढे निबंधकाच्या डोळ्यांत खुपतो.

त्याच मसुद्यात आणखी एक गोष्ट तपासावी. भारतातून आलेल्या मसुद्यांच्या तळाशी "माझ्यासमोर, नोटरी, पुणे" असे छापलेले असते, किंवा नोटरीच्या प्रमाणपत्रासाठी जागाच सोडलेली नसते. प्रमाणपत्रावर राज्य आणि काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) लिहायची असते ती सही जेथे घेतली गेली तेथील, मिळकत जेथे आहे तेथील नव्हे. एडिसनमध्ये सही झाली असेल तर तेथे न्यू जर्सी राज्य आणि मिडलसेक्स काउंटी असेच येईल. मूळ कागद मराठीत असला तरी चालतो. आमचे प्रमाणपत्र मात्र इंग्रजीत असते. कोऱ्या जागा ठेवलेला कागद आम्ही साक्षांकित करीत नाही.

फिरती नोटरी

या सेवेत नोटरी ठरलेल्या वेळी आपल्या घरी, कार्यालयात, रुग्णालयात किंवा वृद्धनिवासात येतो. कायद्याच्या दृष्टीने हे साक्षांकन आणि कार्यालयातील साक्षांकन यांत काडीचाही फरक नाही. सही शाईची, शिक्का कागदावर, आणि व्यक्ती प्रत्यक्ष समोर.

भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी ही सेवा विशेष उपयोगी पडते. त्यांच्याकडे अमेरिकेचे ओळखपत्र नसते; मुदत न संपलेला भारतीय पासपोर्ट आम्ही स्वीकारतो. आधार कार्ड स्वीकारत नाही, आणि पासपोर्टची छायाप्रतही नाही. आमच्याशी मराठीत बोलता येत असल्याने मुलाला किंवा सुनेला दुभाषी म्हणून मध्ये बसावे लागत नाही. ज्याला कागदातून लाभ होणार आहे त्याच्याच तोंडून सही करणाऱ्याचा होकार ऐकावा लागू नये, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

रुग्णालयातील भेटीबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. खोलीत आल्यावर नोटरी प्रथम रुग्णाशी साधे बोलतो: आपले नाव काय, हा कागद कशासाठी आहे, कोणाला अधिकार देत आहात. उत्तरे "हो" किंवा "नाही" अशी देता येणार नाहीत असे हे प्रश्न मुद्दाम विचारलेले असतात. नातेवाइकांना त्या वेळी काही मिनिटे बाहेर थांबण्याची विनंती केली जाते. रुग्ण औषधाच्या गुंगीत असेल, उत्तरे असंबद्ध येत असतील किंवा त्याच्यावर दडपण आहे असे जाणवले, तर नोटरी साक्षांकन नाकारतो आणि त्याने ते नाकारलेच पाहिजे. कुटुंबासाठी तो प्रसंग कठीण असतो याची आम्हाला जाणीव आहे. परंतु अशा स्थितीत घेतलेली सही पुढे न्यायालयात टिकत नाही आणि भावंडांमधील वादाला मात्र निमित्त पुरवते. औषधाची वेळ कोणती आणि रुग्ण दिवसाच्या कोणत्या वेळी सर्वांत सावध असतो, हे परिचारिकेला विचारून त्याप्रमाणे भेट ठरवावी.

ऑनलाइन नोटरी

अमेरिकेत दूरस्थ साक्षांकनाला सर्वप्रथम व्हर्जिनिया राज्याने परवानगी दिली; तो कायदा २०१२ मध्ये लागू झाला. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, न्यू जर्सीने तात्पुरती मुभा दिली आणि पुढे २०२१ च्या कायद्याने ती कायम केली. आज चाळीसहून अधिक राज्यांत ही सोय आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला असला तरी तेथील नोटरींना प्रत्यक्षात हे काम सुरू करण्यासाठी २०३० पर्यंतची मुदत ठेवलेली आहे.

या पद्धतीत आपण कॅमेरा असलेल्या संगणकासमोर बसता आणि नोटरी दुसऱ्या टोकाला असतो. न्यू जर्सीच्या नोटरीला त्या वेळी न्यू जर्सीतच असावे लागते. नोटरी आपल्याला व्यक्तिशः ओळखत नसेल तर ओळख किमान दोन वेगवेगळ्या प्रकारे पटवावी लागते, किंवा नोटरी ज्याला ओळखतो असा विश्वासार्ह साक्षीदार उभा करावा लागतो. दोन प्रकारांपैकी एकात ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेऊन त्याची तपासणी संगणकप्रणाली करते. दुसऱ्यात आपल्या पूर्वेतिहासावर आधारित प्रश्न विचारले जातात: साधारणपणे पाच प्रश्न, दोन मिनिटांचा अवधी, आणि त्यांपैकी चार उत्तरे बरोबर यावी लागतात. "पुढीलपैकी कोणत्या पत्त्यावर आपण राहत होता?" किंवा "पुढीलपैकी कोणती गाडी आपल्या नावावर होती?" असे त्यांचे स्वरूप असते. हे प्रश्न येथील कर्जविषयक आणि सार्वजनिक नोंदींतून तयार होतात. साहजिकच, वर्षभरापूर्वी नोकरीसाठी आलेला अभियंता, सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेली त्याची पत्नी, किंवा व्हिजिटर व्हिसावर आलेले वडील येथे अडखळतात. त्यांच्याविषयी नोंदीच नसतात, म्हणून प्रश्नही तयार होत नाहीत. यात त्यांचा काही दोष नाही. अशा ग्राहकांनी सरळ फिरती नोटरी बोलवावी, म्हणजे वेळ आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

ओळख पटल्यावर कागद पडद्यावर उघडतो, आपण तेथेच सही करता, आणि नोटरी आपली इलेक्ट्रॉनिक सही व शिक्का त्यावर उमटवतो. या शिक्क्यामुळे कागद जणू सीलबंद होतो. नंतर कोणी एक अक्षर जरी बदलले तरी ते उघडकीस येते. संपूर्ण भेटीचे दृक्‌श्राव्य ध्वनिचित्रमुद्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ते किमान दहा वर्षे जतन करावे लागते. फसवणुकीच्या शक्यतेचा विचार केला तर अमेरिकेतील कामांसाठी ही पद्धत कागदी पद्धतीपेक्षा अधिक भक्कम आहे, असे आमचे मत आहे. तरीही बँक, टायटल कंपनी (मिळकतीची मालकी तपासणारी संस्था) किंवा काउंटी क्लर्कचे (काउंटीत दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचे) कार्यालय असा कागद घेते का, हे आधी विचारून घ्यावे. इच्छापत्राचे काम मात्र आम्ही ऑनलाइन घेत नाही.

सही करणारी व्यक्ती भारतात असेल तर

"बाबा सध्या पुण्यात आहेत, त्यांची सही ऑनलाइन घेता येईल का?" ही विचारणा नेहमी होते. सही करणारा अमेरिकेबाहेर असेल तर न्यू जर्सीचा कायदा एक अट घालतो: कागदाचा संबंध अमेरिकेतील न्यायालयाशी किंवा शासकीय कार्यालयाशी, अमेरिकेतील मालमत्तेशी, किंवा ज्याचा अमेरिकेशी ठोस संबंध आहे अशा व्यवहाराशी असला पाहिजे. बाबांचे नाव एडिसनमधील घराच्या खरेदीखतावर असेल आणि ते घर विकायचे असेल, तर ही अट पूर्ण होते. ओळख पटवण्याचा वर सांगितलेला अडसर मात्र तेथेही राहतोच. कोथरूडच्या सदनिकेसाठी पुण्यात बसून न्यू जर्सीच्या नोटरीसमोर सही करणे या अटीत बसत नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण ते काम पुण्यातच रीतसर होते.

भारतात वापरायची कागदपत्रे

भारतातील मिळकतीच्या मुखत्यारपत्रासाठी ऑनलाइन सेवा घेऊ नये, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आपल्या पहिल्या अनुसूचीत मुखत्यारपत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या मान्यतेतून वगळतो. २०२२ मध्ये त्याला अपवाद केला गेला तो काही वित्तीय संस्थांना दिलेल्या अधिकारांपुरताच. दुय्यम निबंधकाला शाईच्या सहीचे मूळ कागद हवे असतात. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ३३ असे सांगते की भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीचे मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर केलेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले असावे. म्हणजे प्रत्यक्ष नोटरीसमोर जाणे आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन घेणे, या दोन्ही वाटा आहेत.

नोटरीची वाट घेतल्यास बँका आणि अनेक कार्यालये पुढे अपॉस्टिल मागतात. हे १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे प्रमाणपत्र असून अमेरिका १९८१ पासून आणि भारत २००५ पासून या करारात आहे. त्यामुळे नोटरीची सही आणि अधिकार खरा असल्याचे दुसऱ्या देशाला कळते. न्यू जर्सीत ते राज्याच्या कोषागार विभागाकडून मिळते. न्यूयॉर्क राज्याच्या नोटरीने साक्षांकित केलेल्या कागदाला त्याआधी काउंटी क्लर्कचे प्रमाणपत्रही लागते, याचा विचार सही कोठे करायची हे ठरवताना करावा.

कागद महाराष्ट्रात पोहोचल्यावर मुद्रांक शुल्काची घाई असते. परदेशात केलेला दस्तऐवज राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे शुल्क भरावे लागते. दस्तऐवज कधी पोहोचला याचा पुरावा म्हणून कुरिअरचे पाकीट आणि पावती जपून ठेवण्यास नातेवाइकांना सांगावे. ते पाकीट नेमके कचऱ्यात जाते.

शुल्क आणि नोंदी

न्यू जर्सीत साध्या साक्षांकनाचे कायद्याने ठरलेले शुल्क प्रत्येकी अडीच डॉलर आहे. येथील मिळकतीच्या हस्तांतरणाच्या एका व्यवहाराला पंधरा डॉलर आणि गृहकर्जाच्या एका व्यवहाराला पंचवीस डॉलर आहे. फिरत्या सेवेचा प्रवासखर्च यात येत नाही. तो अंतर आणि वेळ पाहून भेटीपूर्वी सांगितला जातो आणि पावतीवर वेगळा दाखवला जातो. साक्षांकन नाकारावे लागल्यास साक्षांकनाचे शुल्क घेतले जात नाही, प्रवासखर्च मात्र द्यावा लागतो.

प्रत्येक साक्षांकनाची तारीख, प्रकार, सही करणाऱ्याचे नाव व पत्ता आणि ओळख कशी पटवली याची नोंद आम्ही नोंदवहीत ठेवतो. आपल्या कागदाची प्रत आम्ही ठेवून घेत नाही. भेट ठरवताना मसुद्याची प्रत, ओळखपत्रावर जसे छापले आहे तसे पूर्ण नाव, आणि कागद कोणत्या कार्यालयात सादर होणार आहे एवढे आम्हाला कळवावे. साक्षीदार लागणार असतील तर त्यांची व्यवस्था ग्राहकाने करायची असून त्यांनीही मूळ ओळखपत्रे बरोबर आणावीत.