केस सुटली तरी पोलीस रेकॉर्डला ‘न्यायप्रविष्ट’ दिसतेय? सोलापुरातल्या अर्जदारांसाठी माहिती

कोर्टातनं निर्दोष सुटलं की पोलिसांकडची नोंद आपोआप बदलते असं बरेच जण धरून चालतात, आणि चारित्र्य पडताळणीत ‘गुन्हा न्यायप्रविष्ट’ असा शेरा आला की हातातली नोकरी अडकते. निकाल पोलिसांच्या सिस्टीमला चढलाच नाही तर तिथं जुनीच स्थिती दिसत राहते. सुटलेल्या माणसालाच हे निस्तरत बसावं लागतं हे चीड आणणारं आहे, पण करावं लागतं.

पडताळणीचा अर्ज ऑनलाइन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो. शहरातला आयुक्तालयाकडं जातो, बार्शी-पंढरपूर-मोहोळचा ग्रामीण एसपी ऑफिसकडं.

घोडं अडतं ते निकालाच्या नकलेवर. मोबाईलवर ई-कोर्ट (कोर्टांची सरकारी वेबसाइट) दाखवून किंवा वकिलाकडची झेरॉक्स देऊन भागत नाही, कोर्टाच्या नक्कल विभागातनं सही-शिक्क्याची प्रत काढा. तिथं केस नंबर विचारतात आणि लोक एफआयआरचा गुन्हा नंबर सांगतात, हे दोन्ही वेगळे आहेत. ई-कोर्टवर पोलीस स्टेशन, गुन्हा नंबर, वर्ष टाकलं की केस नंबर मिळतो. मग गुन्हा ज्या पोलीस स्टेशनचा तिथं ‘निकालाची नोंद घ्यावी’ असा साधा अर्ज आणि नकलेची झेरॉक्स द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय हलू नका, नुसतं ‘होईल, जावा’ वर विश्वास ठेवून पोरं भरतीच्या तारखा घालवतात.

चार्जशीटच गेली नसेल तर ‘केस बंद केली’ हे तोंडी ऐकून गप्प बसू नका. बी किंवा सी समरी (तक्रार खोटी किंवा गैरसमजातून होती असा पोलिसांचा अहवाल) कोर्टानं मंजूर केल्याचा आदेश पाहिजे, त्याची नक्कल काढा.

आपसात मिटलं म्हणजे केस मिटली असं नाही. तडजोडीला पात्र गुन्हा असेल तर त्याच कोर्टात किंवा लोकअदालतीत मिटतो आणि परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. बाकीच्या गुन्ह्यांत बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम 528 खाली हायकोर्टात गुन्हा रद्द करायला जावं लागतं, 18 ऑगस्ट 2025 पासून आपल्यासाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, मुंबई गाठायची गरज नाही.

शिक्षा लागली असेल तर मात्र ती सरसकट पुसून टाकणारा कायदाच आपल्याकडं नाही, एजंट ‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

आणि फॉर्मवर ‘कधी गुन्हा दाखल होता का’ विचारलं तर सुटला असलात तरी ‘होय’ लिहून निकालाची नक्कल जोडा. सुप्रीम कोर्टानं 2016 च्या अवतार सिंग निकालात सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, लपवली तर त्यावरूनही नोकरी जाऊ शकते.