पापविजय (ख्रिस्ती जीवनातील)

पापविजय : पापाची सत्ता स्वतःवर चालू न देता ख्रिस्ताच्या कृपेने नवे जीवन जगण्याची ख्रिस्ती माणसाची आयुष्यभराची धडपड. ‘पाप’ म्हणजे येथे निव्वळ नियमभंग नव्हे. देवाशी, शेजाऱ्याशी आणि स्वतःशी असलेले नाते तोडणारी कृती, बोलणे किंवा मनात जोपासलेला विचार, आणि करायला हवे होते ते न करणे, हे सगळे त्यात येते. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कोकणपट्टीत ही कल्पना चारशेहून अधिक वर्षे मराठी आणि कोंकणीतून सांगितली जात आहे, आणि या भाषांतल्या जुन्या शब्दांनी तिला स्वतःचे असे वळण दिले आहे.

पाप, पुण्य, प्रायश्चित्त हे शब्द इथे आधीपासूनच होते. मूळचे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः गोव्यातल्या साष्टीत काढली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आदाम-एवेच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यांनी ओवीत सांगितली, ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जमलेल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवता यावी म्हणून. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. श्रोत्यांच्या कानाला ओळखीचे शब्द घ्यायचे आणि त्यांत नवा आशय भरायचा, ही त्यांची रीत पुढे या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मराठीने कायम ठेवली.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाचे काय झाले ते पाहिले की सगळा विषय उलगडतो. हिंदू धर्मशास्त्राच्या परंपरेत प्रायश्चित्त केल्याने पाप धुतले जाते. चर्चमध्ये क्रम उलटा आहे: आधी क्षमा मिळते, मग माणूस प्रायश्चित्त करतो. ते क्षमेचे मोल नसते. जखम भरून येताना घ्यायची ती काळजी असते. पुण्याच्या राशीतून पाप वजा करण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट समजायला सर्वांत अवघड जाते. उपवास केले, नवस फेडले, मेणबत्त्या लावल्या, तेव्हा आता खाते चुकते झाले, असे मनाला वाटतेच.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात या झगड्याचे सर्वांत प्रांजळ वर्णन आहे: जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच घडते. हे लिहिणारा नवखा नव्हता, प्रेषित होता. त्याचे उत्तर इच्छाशक्ती वाढवा असे नाही. बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो आणि नव्याने उठतो, म्हणून पाप आता त्याचा धनी राहिलेले नाही, हे तो सहाव्या अध्यायात सांगून बसला आहे. धनी बदलला तरी जुनी सवय एका दिवसात सुटत नाही. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्म्याने आदिपाप, म्हणजे आदाम-एवेच्या पतनापासून माणसाला जन्मतः लागलेले पाप, पुसले जाते, पण पापाकडे झुकणारी ओढ मागे राहते. ती ओढ हे स्वतः पाप नव्हे, झुंजीचे मैदान आहे. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याच्या मते माणूस एकाच वेळी नीतिमान ठरवलेलाही असतो आणि पापीही. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना मात्र याच जन्मी प्रेमात परिपूर्ण होता येते असा विश्वास होता. कोकणात कॅथलिकांच्या मानाने प्रॉटेस्टंट मंडळ्या लहान आहेत. तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 मध्ये जन्मलेल्या आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अनुतापाला अभंगाची वाट करून दिली, आणि ती भक्ती पंथांच्या भिंती ओलांडून गेली.

कॅथलिक जीवनात या झुंजीची ठरलेली जागा म्हणजे प्रायश्चित्त संस्कार, धर्मगुरूपुढे पापे कबूल करून क्षमा घेण्याचा विधी. गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या कोंकणीत त्याला ‘कुमसार’ म्हणतात. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे बंधनकारक केले. ट्रेंट धर्मपरिषदेने 1551 मध्ये पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त ही त्याची तीन अंगे स्पष्ट मांडली. 1973 च्या नव्या विधीनंतर समोरासमोर बसून बोलण्याची मोकळीक आली, तरी पुष्कळांना अजून जाळीआडूनच बोलणे सोपे जाते. देवळाच्या एका कडेला लाकडी कपाटासारखी खोली असते. बाहेर बाकावर माणसे हळूहळू पुढे सरकत असतात, एकमेकांकडे बघायचे टाळतात. आत गुडघे टेकायचे, क्रूसाची खूण करायची, मागच्या कुमसाराला किती दिवस झाले ते सांगायचे आणि मग पापे नावानिशी बोलायची. ‘काही चुका झाल्या’ एवढ्यावर भागत नाही. पाप गंभीर असेल तर ते काय आणि कितीदा, हे सांगावे लागते. मनातल्या मनात धूसर ठेवलेली गोष्ट स्वतःच्याच आवाजात कानावर पडली की तिची पकड निम्मी सुटते, हे ज्याने अनुभवले त्याला समजावून सांगावे लागत नाही. ऐकलेले कुणालाही सांगण्याची धर्मगुरूला मुभा नाही, प्राणावर बेतले तरी नाही.

नुकसान भरून देणे हा या संस्काराचा दुर्लक्षित, पण माझ्या मते सर्वांत खरा भाग. कोकणात बांध कोरण्यावरून भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालते. दरवर्षी फावड्याने चार बोटे माती आपल्याकडे ओढणाऱ्याला क्षमा मिळाली, तरी ती चार बोटे परत द्यावीच लागतात. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि लुबाडलेले चौपट परत करायला तयार झाला, तेव्हा येशूने त्याच्या घरी तारण आल्याचे सांगितले.

वर्षाच्या चक्रात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ या कामासाठी राखलेला आहे. रविवार वगळून तो चाळीस दिवसांचा. पुष्कळ घरांत या काळात मटण-कोंबडी बंद असते, लग्नकार्ये टाळली जातात, कुणी दारू सोडतो. मासळीला चर्चची मनाई नाही, आणि किनाऱ्यावर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे: ज्याच्या ताटात रोज बांगडा असतो त्याचा शुक्रवार मटणाविना गेला तर त्यागले काय? म्हणून जाणते लोक आपल्याला खरोखर जड जाईल अशी गोष्ट शोधायला सांगतात. कुणासाठी ती मासळी असेल, कुणासाठी जिभेची धार.

परंपरेने गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस ही सात मूळ पापे मानली. आपल्याकडच्या षड्रिपूंशी ही यादी पुष्कळ जुळते. खादाडपणा आणि आळस तेवढे त्यांत नाहीत, आणि या यादीतला आळस कामाचा नसून आत्म्याचा आहे: प्रार्थना, प्रेम, कशाचाच उत्साह न उरणे. मूळ पापे एकदम चाल करून येत नाहीत. खारजमिनीच्या बांधात खेकडे बीळ करतात, तसे ते असते. बीळ मुठीएवढे असताना चिखल दाबून बुजवता येते. ते तसेच राहिले तर एखाद्या उधाणाला बांध फुटतो, खारे पाणी शेतात शिरते आणि नुसता बांध पुन्हा घालून भागत नाही. पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत भात धड येत नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नास यांच्या परंपरेतले रोजचे विवेकपरीक्षण, म्हणजे दिवसभराच्या वागण्याची स्वतःशी केलेली तपासणी, ही संध्याकाळी बांधावरून मारलेली चक्कर. गोव्याकडच्या घरांत तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, संपल्यावर मुले मोठ्यांकडे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दिवसभर ज्याच्याशी अबोला धरला त्याच्यापुढेही हात जोडावे लागतात, आणि अबोला रात्रीपलीकडे टिकवणे कठीण होते.

पाप एकट्याचे असले तरी त्याची मुळे समाजात पसरलेली असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1984 च्या बोधपत्रात ‘सामाजिक पापा’ची चर्चा केली, आणि एकेका माणसाची जबाबदारी त्यामागे लपू नये हेही बजावले. वसईत हा विचार पुस्तकात राहिला नाही. मराठी साहित्यिक आणि धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीतून वसईची शेती, पाणी आणि झाडे वाचवण्याचा लढा दिला. विहिरी आटवणारा लोभ हे पाप आहे, असे म्हणायला बायबलच्या बाहेर जावे लागत नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्री देऊळ काळोखात असते. पुनरुत्थानाच्या एका मोठ्या मेणबत्तीवरून सर्वांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटतात, आणि नंतर धर्मगुरू बाप्तिस्म्याचे वचन पुन्हा विचारतात: सैतानाचा, त्याच्या कर्मांचा त्याग करता का? उत्तर सगळ्यांनी मिळून मोठ्याने द्यायचे असते. हा प्रश्न नव्याने बाप्तिस्मा घेणाऱ्याला विचारतात तसाच पहिल्या बाकावर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीलाही, दरवर्षी.