डॉपलरमधलं निळं: कलरचं वेगळं, लेझरचं वेगळं

"मामांच्या पायाचा डॉपलर केलाय. निळं दिसायलंय की सगळं, रक्त थांबलं का?" लातूरला सोनोग्राफीच्या खोलीत बसणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर असा फोटो महिन्यातून एकदा तरी येतोच. हल्ली चांगली शिकलेली मंडळीही हेच विचारतात. त्यांनी कुठेतरी भाजलेल्या कातडीचं लेझर डॉपलरचं चित्र पाहिलेलं असतं, आणि त्यात निळं म्हणजे खरोखरच रक्त कमी असतं.

कलर डॉपलर बहुतेकांच्या ओळखीचा आहे. जेल, अंगावर फिरवायचा प्रोब, ध्वनिलहरी; वाहत्या रक्तावरून परतताना त्या किंचित बदलतात, त्यावरून यंत्र प्रवाह दाखवतं. प्रोबकडे येणारं रक्त तांबडं, दूर जाणारं निळं. तांबडी ती शुद्ध रक्ताची नस आणि निळी ती अशुद्ध रक्ताची, हे शाळेतल्या तक्त्यावर ठीक होतं. इथे प्रोबचा कल बदलला किंवा यंत्रावरचं एक बटण दाबलं की तीच धमनी निळी होते. हा रंग दिशेचा आहे.

लेझर डॉपलरचा स्कॅनर कातडीला शिवतसुद्धा नाही. आरसा हलतो आणि तांबडा किंवा अवरक्त किरण ठिपक्या-ठिपक्याने, नांगराने तासामागून तास घालत जावं तसा, अंगावरून फिरतो. आत शिरतो जेमतेम मिलिमीटरभर. मांडीतली मोठी धमनी त्याच्या आवाक्याबाहेरची. त्याला कळतं ते कातडीतल्या बारीक वाहिन्यांमधलं रक्त.

दिशा मात्र त्याला कळत नाही, आणि का ते नीट पाहायला हवं. तांबड्या लेझरची कंपनं सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी. केशवाहिनीतून सेकंदाला मिलिमीटरभर सरकणारी रक्तपेशी त्यात फरक पाडते तो जास्तीत जास्त चार-पाच हजारांचा. एवढा फरक सरळ मोजता येत नाही. म्हणून स्थिर कातडीवरून जसाच्या तसा परतलेला प्रकाश आणि धावत्या पेशींवरून किंचित बदलून आलेला प्रकाश एकाच डिटेक्टरवर पडू देतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जराशा विसंवादी असल्या की आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, तसा तिथला उजेड थरथरतो. यंत्र मोजतं ती ही थरथर. पण नुसत्या लाटेवरून कोणती तार चढी आणि कोणती उतरी हे सांगता येतं का? शिवाय कातडीत प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की तो पेशीवर दाही दिशांनी येऊन पडतो. मग रंगाने दिशा दाखवायची कशी? तो रंग प्रमाणाचा: तांबडं म्हणजे भरपूर, निळं म्हणजे थोडं.

थोडं म्हणजे किती मिलिलिटर, हे विचारू नका. येणारा आकडा म्हणजे हलत्या पेशींची संख्या गुणिले त्यांचा सरासरी वेग. पुष्कळ पेशी सावकाश चालल्या किंवा मोजक्याच पेशी धावल्या, तरी आकडा एकच. त्याला "रक्ताचा वेग" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलेलं नाही. दंडाला पट्टा आवळून हाताचं रक्त पूर्ण अडवलं तरी हा आकडा शून्यावर येत नाही, कारण पेशीजालात बारीकसारीक हालचाल चालूच असते.

गुऱ्हाळावर उकळता रस पायावर सांडला, तर भाजलं किती खोल हे ठरवायला लेझरचा खरा उपयोग. तोही साधारण ४८ तासांनंतर, पाचव्या दिवसाच्या आत. तांबडं दिसलं तर जखम आपली आपण भरण्याची आशा. निळं राहिलं तर भाजणं खोल, कातडी लावायचा विचार करावा लागतो. साखरेच्या रुग्णाचा अंगठा काळा पडला आणि अडथळा वर नेमका कुठे आहे ते शोधायचं, तर कलर डॉपलरच हवा.

मामांच्या फोटोत निळी होती ती गुडघ्यामागची धमनी. रक्त प्रोबपासून दूर, पावलाकडे चाललं होतं. खाली रिपोर्टात "ट्रायफेजिक" लिहिलेलं होतं, म्हणजे धमनी ठणठणीत. पण तिथवर वाचतो कोण!