सायलेन्सरच्या पोटातली पोकळी

माझ्या भाच्याने दिवाळीत १२५ सीसीची स्कूटर घेतली. परवा जुळे सोलापुरात भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, गाडी झकास आहे, पण मागून बघितलं की ते सायलेन्सरचं पोट डोळ्यात खुपतं. एक जण म्हणालाय, पोट कापून आखूड पाइप वेल्डिंग करून देतो. आत नुसती पोकळीच असते म्हणे."

पोकळी आहे हे खरं. पण ती मोजूनमापून ठेवलेली पोकळी आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. मिनिटाला ६००० फेऱ्या असतील, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि दर वेळी तापलेला वायू पाइपात उसळतो. प्रत्येक उसळीची दाबाची लाट धुराच्या पुढे धावते. २० अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. ४०० अंशांच्या हवेत सुमारे ५२० मीटर.

ही लाट अरुंद पाइप संपून रुंद पोटात शिरते तेव्हा जे घडतं, ते मला फार आवडतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली गर्दी आठवा. होम मैदानाकडे जाणाऱ्या बोळात माणसं खेटून चालली आहेत. पहिली रांग मैदानात पोचते आणि चहूकडे पांगते. तिच्या मागे जागा मोकळी होते, तिथे दुसरी रांग सरकते, मग तिच्या मागे मोकळी जागा. माणसं मैदानाकडे निघाली आहेत, पण मोकळीक उलट्या दिशेने बोळात मागे मागे सरकते आहे. पाइपातही असंच होतं. पोटाच्या तोंडाशी दाबाची लाट पोचली की विरळपणाची लाट इंजिनाकडे परत फिरते.

किती परत फिरते? पाइपाचा व्यास २५ मिलिमीटर आणि पोटाचा १०० धरू. क्षेत्रफळ १६ पट झालं. (१६ उणे १) भागिले (१६ अधिक १), म्हणजे दाबाचा सुमारे ८८ टक्के भाग उलटा होऊन परततो. ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून सुमारे ७८ टक्के ऊर्जा परतते आणि पुढे निसटते ती जेमतेम २२ टक्के. असे दोन-तीन कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या एकापाठोपाठ ठेवल्या की 'फटफट'ची 'भुरभुर' होते.

परतलेली लाट वायाही जात नाही. पाइप ६० सेंटिमीटरचा असेल तर जाऊन यायला २.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात, ६००० फेऱ्यांवर, क्रँक ८३ अंश फिरतो. लाट पुन्हा जाते, पुन्हा येते, आणि पोटाच्या तोंडाशी दर खेपेला दाबाची विरळ, विरळाची दाब होते. एक्झॉस्ट आणि इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात. त्या वेळी व्हॉल्व्हपाशी कोणती लाट हजर आहे, यावर सिलिंडर किती नीट रिकामा होईल हे बरंचसं ठरतं. 'इंजिनाला बॅकप्रेशर (धुराच्या वाटेतला उलटा दाब) लागतं' हे गॅरेजमधलं वाक्य इथे चुकतं. इंजिनाला लागते ती वेळेवर परतणारी लाट. आखूड पाइपाने ती वेळ बिघडते. आवाज मोठा झाला म्हणून ताकद वाढल्याचा भास होतो, एवढंच.

शिवाय बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमांनुसार बनलेल्या गाड्यांच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, एक्झॉस्टमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावरच्या प्लॅटिनम गटातल्या धातूंमुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. पुष्कळ स्कूटरमध्ये पोट कापलं की ही जाळीही जाते. आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरजवळ वेल्डिंगला किंवा गॅस्केटला फट राहिली, तर तीच विरळ लाट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सर 'पेट्रोल कमी पडतंय' असं कळवतो आणि इंजिन विनाकारण जास्त पेट्रोल पितं.

देखणेपणा हवा असेल तर तो बाहेरून आणावा. भाच्याने तसंच केलं. गाडी पूर्ण थंड असताना क्रोमची पट्टी काढली, गंज पॉलिश पेपरने घासला, थिनरने पुसलं आणि मॅट ब्लॅक हीटप्रूफ रंगाचे पातळ हात दिले. साधा ऑइलपेंट तिथे जळून पोपडे धरतो. सिलिकॉनचा हा रंग उलट उष्णतेनेच पक्का होतो. म्हणून वाळल्यावर गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा चालू करायची. पट्टीलाही तोच रंग दिला आणि ती परत बसवली, कारण पाय भाजण्यापासून तीच वाचवते.

एक गोष्ट मात्र त्याला मी मुद्दाम दाखवली. सायलेन्सरच्या बुडाशी एक बारीक छिद्र होतं. १ लिटर पेट्रोल जळताना जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन जातं. थंड पोटात थोडं साचतं आणि पत्रा आतून खातं. त्यासाठी ते छिद्र. रंग देण्याआधी त्याने त्यात आगपेटीची काडी खोचली आणि रंग वाळल्यावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तेव्हा तिथून काळपट पाण्याचे चार थेंब फरशीवर पडले.