लवचीक लॅटेक्स मुखवटा

रबराच्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून, साच्यात ओतून घडवलेला आणि घालणाऱ्याच्या चेहऱ्याबरोबर हलणारा मुखवटा. नाटक, चित्रपट आणि वेशभूषेच्या कार्यक्रमांत तो वापरतात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा एकच भाव धरून बसतो आणि तेच त्याचे बळ असते. लॅटेक्सकडून अपेक्षा वेगळी असते: आतला माणूस बोलला की ओठ हलावेत, चिडला की कपाळाला आठ्या पडाव्यात. बहुतेक तयार मुखवट्यांत मात्र आत जबडा हलतो आणि बाहेरचे तोंड ढिम्म राहते. दोष रबराला दिला जातो, पण नैसर्गिक रबर मूळ लांबीच्या कित्येक पट ताणले जाते. अडते ते जाडीत आणि चेहरा व मुखवटा यांच्यामधल्या पोकळीत.

झाडाच्या ताज्या चिकात ३० ते ४० टक्के रबर असते. साचेकामाला येतो तो दाट केलेला, सुमारे ६० टक्के रबराचा, अमोनिया घालून टिकवलेला चीक. प्लास्टरच्या साच्यात तो ओतला की प्लास्टर पाणी शोषते आणि भिंतीला थर धरू लागतो. चीक जितका वेळ आत राहील तितका थर जाड होतो. मग उरलेला चीक ओतून काढतात, थर वाळू देतात आणि टाल्कम पावडर मारत सोलतात. पावडर नसेल तर रबर रबराला असे चिकटते की पुन्हा सुटत नाही. चिकात खडूची किंवा चिनी मातीची पूड घातली असेल तर मुखवटा कमी आकसतो, आकार धरतो, पण ताठ होतो. शिंगांना तो चीक चालतो, ओठांना चालत नाही.

जाडीचा परिणाम वाटतो त्याहून फार मोठा आहे. पत्र्यासारख्या वस्तूचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे २ मिमी.चा थर १ मिमी. केला की तो निम्म्या नव्हे, एक-अष्टमांश जोराने वाकतो. म्हणून सगळीकडे सारखी जाडी ठेवणे ही चूकच. चीक थोडाच वेळ ठेवून ओतून काढावा, ओठ, पापण्या आणि गाल पातळ सोडावेत आणि मान, डोक्याचा मागचा भाग, कान यांना ब्रशने जादा थर द्यावेत. साचा उपडा करून नीट निथळला नाही तर चीक नाकाच्या शेंड्यात आणि हनुवटीत साचतो आणि नेमकी हलायला हवी ती हनुवटी दगडासारखी होते.

पोकळीचा प्रश्न याहून अवघड. साच्यात ओतलेला थर बाहेरच्या आकाराप्रमाणे वळतो. त्यामुळे ज्यावरून साचा काढतात त्या मातीच्या नमुन्यात गाल दोन बोटे फुगवले तर आतही तेवढीच जागा रिकामी राहते. खऱ्या गालाची हालचाल त्या रिकाम्या जागेतच विरते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे घालणाऱ्याच्या चेहऱ्याचा अल्जिनेटने (पाण्यात कालवल्यावर रबरासारखी घट्ट होणारी पूड) ठसा घेऊन, त्यातून काढलेल्या प्लास्टरच्या चेहऱ्यावर माती चढवणे. मग ओठ, पापण्या आणि हनुवटी यांच्यावर माती अगदी कमी ठेवायची आणि अतिशयोक्ती कपाळ, कवटी, कान यांच्यावर करायची. कुणाच्याही डोक्याला बसावा असा मुखवटा करायचा असेल तर आतून नाकाची बाजू, कपाळ आणि गालाची हाडे इथे मऊ स्पंजचे तुकडे चिकटवतात. ओठांभोवती स्पंज लावला की तो हालचाल खाऊन टाकतो, म्हणून तिथे तो टाळावा.

तोंड पूर्ण उघडले की वरच्या आणि खालच्या दातांत सुमारे ४ ते ५ सेंमी. अंतर पडते आणि हनुवटी खाली जाताना थोडी मागेही सरकते, कारण जबड्याची बिजागरी कानापुढे असते. एवढी लांबी मुखवट्याने आणायची कुठून? घडीतून. नाकपुडीपासून जिवणीच्या कोपऱ्याकडे उतरणारी वळी आणि हनुवटीखालची वळी नमुन्यातच खोल कोरल्या तर तोंड उघडताना त्या भात्यासारख्या उलगडतात. सुरकुत्या शोभेसाठी कुठेही काढल्या तर रबर भलत्याच ठिकाणी मोडते. नमुन्याचे तोंड किंचित उघडे ठेवावे. तसे ते मिटतेही आणि उघडतेही. आतून हनुवटीला घट्ट बसणारी वाटी लावली की जबडा मुखवट्याला आपल्यासोबत ओढतो. माझ्या मते एवढ्या एका वाटीने रंगकामाच्या कितीतरी तासांपेक्षा जास्त फरक पडतो.

चित्रपटांनी दुसरा मार्ग धरला: चीक फेसून, जेल करून, भट्टीत भाजून स्पंजासारखे हलके रबर बनवणे आणि त्याचे तुकडे थेट त्वचेला चिकटवणे. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’साठी (१९६८) रंगभूषाकार जॉन चेंबर्स यांनी अशी वानरमुखे केली आणि त्याबद्दल त्यांना सन्मानार्थ ऑस्कर मिळाले. त्यातल्या नटांना मात्र नाक-गाल सतत हलवत राहावे लागे, नाहीतर पडद्यावर चेहरा मेल्यासारखा दिसे. दुसरे रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी एकसंध मुखवट्याऐवजी एकमेकांवर चढणारे वेगवेगळे तुकडे वापरण्याची रीत रूढ केली. प्रत्येक तुकडा आपल्या खालच्या स्नायूबरोबर हलतो. डोक्यावरून ओढायच्या मुखवट्यालाही यातला थोडा भाग उसना घेता येतो: ओठांच्या आणि पापण्यांच्या कडा पातळ करून त्वचेला चिकटवायच्या आणि डोळ्यांभोवतीची उघडी त्वचा त्याच रंगात रंगवायची.

साधा ॲक्रिलिक रंग ताणाबरोबर तडकतो. रंगद्रव्य चिकातच मिसळून पातळ थर द्यावेत, किंवा त्वचेवर चालणाऱ्या ॲक्रिलिक गोंदात रंग कालवावा. छेद देताना टोकाला टोकदार कोपरा ठेवू नये, बारीक गोल भोक पाडावे. फाटणे कोपऱ्यातूनच सुरू होते. मागच्या चेनच्या कडांना आतून जाळीदार कापड चिकात बुडवून लावतात. पितळी बटणे वापरू नयेत, कारण तांब्याच्या सहवासात रबर लवकर खराब होऊन चिकट होते. तेल आणि ऊन हेही त्याचे वैरी आहेत. ताणलेल्या रबराला ओझोनने भेगा पडतात, म्हणून मुखवटा घडी न घालता डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर, अंधारात ठेवतात.

नाकपुड्या आणि तोंड खरोखर उघडे असावेत. शोभेच्या नाकपुड्यांतून श्वास घेता येत नाही. नैसर्गिक लॅटेक्समधल्या प्रथिनांची ज्यांना ॲलर्जी असते त्यांच्यासाठी सिलिकोनचा मुखवटा करतात. तो त्वचेसारखा दिसतो आणि हलतोही छान, पण वजनाने भारी असतो.