विषाणूजन्य आजारांवरच्या संशोधनात भाग घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि सही करण्याआधी पाहायच्या गोष्टी (रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग)

डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू किंवा माकडतापावर (गोचिडीतून पसरणारा ताप) अभ्यास करणारं पथक रुग्णालयात किंवा वाडीवर आलं, की लोक आधी विचारतात, "फॉर्म कुठे भरायचा?" यासाठी सरकारी अर्जाचा ठरलेला नमुना नाही आणि तहसील कार्यालयात जायचंही काम नाही. तुम्ही तयारी दाखवायची, पथकानं तुमची पात्रता तपासायची. दोघांना बांधणारा कागद म्हणजे माहितीपत्रक आणि त्याला जोडलेलं संमतीपत्र. म्हणून खालची बरीचशी माहिती या एका कागदाभोवतीच आहे.

अभ्यास कोणत्या प्रकारचा आहे?

पहिला प्रकार निरीक्षणाचा. यात नवं औषध किंवा लस दिली जात नाही. रक्त घेतात, लक्षणं नोंदवतात आणि शरीरानं विषाणूला कसा प्रतिसाद दिला ते पाहतात. असे अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालतात आणि त्यांना नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी लागते.

दुसरा प्रकार क्लिनिकल ट्रायलचा. इथे नवं औषध किंवा लस प्रत्यक्ष दिली जाते. त्याला 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९' लागू होतात आणि एथिक्स कमिटीबरोबरच केंद्रीय औषध नियंत्रक संस्थेची, सीडीएससीओची, परवानगीही लागते. लसीच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा निरोगी माणसंच हवी असतात. डेंग्यूवरच्या 'डेंगीऑल' या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. तिच्यासाठी देशभरातून १०,३३५ निरोगी प्रौढ घ्यायचं आणि प्रत्येकाचा दोन वर्षं पाठपुरावा करायचं ठरलं. "मला काही झालेलं नाही, मग मला कशाला विचारतात" या शंकेचं उत्तर इथे मिळतं.

अभ्यास खरा आहे ना, हे कसं तपासायचं?

प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची नोंद पहिला माणूस घेण्याआधी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया' म्हणजे सीटीआरआयवर व्हावी लागते. एप्रिल २०१८ पासून ट्रायल सुरू झाल्यावर मागाहून केलेली नोंद घेतली जात नाही. पथकाकडून सीटीआरआय क्रमांक मागा. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, लॉगिन लागत नाही. नोंदीत चार गोष्टी पाहा: तुम्ही जिथे जाणार आहात ते रुग्णालय केंद्रांच्या यादीत आहे का, त्याच्या एथिक्स कमिटीपुढे 'अप्रूव्हड' लिहिलंय का, भरती 'ओपन टू रिक्रूटमेंट' दाखवतेय का, आणि पात्रतेच्या अटी पथकानं सांगितल्या त्याच आहेत का. आजार आणि जिल्हा टाकून तुम्ही स्वतःही अभ्यास शोधू शकता. चौकशीसाठी कोणाशी बोलायचं ते प्रत्येक नोंदीत दिलेलं असतं.

कोकणात आणखी एक नियम माहीत असायला हवा. रुग्णालयाची स्वतःची एथिक्स कमिटी नसेल, तर ट्रायलसाठी दुसऱ्या समितीची मंजुरी चालते. मात्र ती समिती त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली असावी लागते. देवगडातल्या दवाखान्यात ट्रायल चालू आहे आणि मंजुरी मुंबईच्या समितीची दाखवली जाते, तर तिथेच थांबा आणि विचारा. समितीत किमान ७ सदस्य असतात, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. तिची नोंदणी ५ वर्षांसाठी असते.

पात्रता: नावं बहुतेक वेळा कशामुळे बाद होतात?

वय आणि राहण्याचं ठिकाण या अटी सगळ्यांना कळतात. अडचण येते ती तारखांची आणि आधी घेतलेल्या औषधांची.

तापाच्या अभ्यासात ताप कोणत्या दिवशी आला यावर सगळं गणित असतं. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ नावाचं प्रथिन साधारण पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर सुरुवातीला बनवतं ती प्रथिनं, चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. अंगदुखी सुरू झाली तो दिवस की थर्मामीटर लावला तो दिवस, यात दोन दिवसांचा घोळ झाला तर चुकीची तपासणी होते आणि आजार असून अहवाल निगेटिव्ह येतो. पहिल्यांदा अंग गरम लागलं ती तारीख आणि वेळ कागदावर लिहून न्या. माकडतापात तर ताप एकदा उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटू शकतो, तेव्हा दोन्ही वेळच्या तारखा हव्यात. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्यांनी गोचीड चावल्याचं आठवत असेल तर तेही सांगावं.

दुसरी गोष्ट आधीच्या लसींची. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, माकडताप आणि पिवळा ताप यांचे विषाणू एकाच कुळातले. एकासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्याच्या तपासणीत उमटू शकतात. कोकणातल्या अनेक घरांतला कोणीतरी जहाजावर असतो, आणि बोटीवर चढण्याआधी पिवळ्या तापाची लस घेतल्याचं पिवळं कार्ड त्याच्याकडे असतं. ते कार्ड न दाखवता डेंग्यूच्या अभ्यासात रक्त दिलं, तर प्रतिपिंडांची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डेंग्यूच्या लसीत ही माहिती जिवाशी जोडलेली आहे. आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना त्या लसीनंतर प्रत्यक्ष संसर्ग झाल्यास आजार जास्त तीव्र होऊ शकतो, हे 'डेंगव्हॅक्सिया' या परदेशी लसीबाबत २०१७ मध्ये पुढे आलं. "डेंग्यू होऊन गेलाय का" या प्रश्नाला अंदाजे उत्तर देऊ नका. जुना अहवाल असेल तर शोधा.

तिसरी गोष्ट ताप उतरवायला मिळालेल्या इंजेक्शनची. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि स्टेरॉइड रोगप्रतिकारशक्ती दाबतं. मग रक्तातला प्रतिसाद खरा दिसत नाही. डॉक्टरांकडून औषधाचं नाव लिहून घ्या. नुकतंच रक्त चढवलं असेल, रक्तदान केलं असेल, चार आठवड्यांत दुसरी लस घेतली असेल किंवा दुसऱ्या ट्रायलमध्ये नाव असेल, तर बहुतेक अभ्यासांत थांबावं लागतं. नेमकी मुदत त्या-त्या अभ्यासाच्या अटींत असते.

आणि हजेरी. भेटींच्या तारखा ठरलेल्या असतात, पुढे-मागे काही दिवसांचीच सूट मिळते. प्रतिपिंडांच्या अभ्यासात तीव्र आजारातला नमुना आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी घेतलेला नमुना अशी जोडी लागते. दुसऱ्यात प्रमाण चौपट वाढलं तरच ताजा संसर्ग धरतात. दुसरा नमुना चुकला की पहिला बराचसा वाया जातो. ट्रॉलरवर आठ-आठ दिवस जाणाऱ्या खलाशांना १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळातल्या भेटी सोयीच्या पडतात. चाकरमान्यांनी गणपती किंवा शिमग्याला गावी आल्यावर नाव देऊन मुंबईला निघून जाऊ नये. मुंबईत केंद्र आहे का ते आधी विचारावं.

काही अभ्यासांत फक्त जवळच्या तालुक्यांतली माणसं घेतात, त्यात भेदभाव नसतो. प्रतिपिंडांसाठी घेतलेलं रक्त गोठू देऊन, वरचा पातळ भाग म्हणजे सीरम वेगळं करून २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून पाठवता येतं. पण टी-पेशींचा, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, अभ्यास असेल तर रक्त बर्फात ठेवायचं नसतं, खोलीच्या तापमानाला ठेवून काही तासांतच पेशी वेगळ्या कराव्या लागतात. घाटावरच्या प्रयोगशाळेत ते वेळेत पोचलं नाही तर पेशी मरतात.

कोणती कागदपत्रं न्यावीत?

ओळख आणि वयाचा पुरावा, लसीकरण कार्ड, आधीचे केसपेपर आणि रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची पाकिटं, प्रवासखर्च खात्यात जमा होणार असेल तर पासबुकची झेरॉक्स. मूळ कागद कोणाकडे ठेवू नका. ज्या वाडीवर रेंज नाही तिथल्यांनी शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा दुसरा नंबर द्यावा, अर्थात त्यांना विचारून. तपासणीचा निरोप न पोचल्यामुळे भेट चुकणं ही इथली नेहमीची अडचण आहे.

संमतीपत्र

माहितीपत्रक घरी न्यायला मागा. रात्रभर ठेवा, घरच्यांशी बोला, ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा. घाई करणाऱ्या पथकाला नाही म्हणायला संकोच नको. पत्रक मराठीत हवं, आणि मराठी प्रतही एथिक्स कमिटीनं मंजूर केलेली असावी. तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापलेली असते; माहितीपत्रकावर आणि संमतीपत्रावर ती जुळते का पाहा. तोंडी समजावताना मालवणीत बोललेलं चालतं, पण लिहिलेलं आणि बोललेलं एकच हवं.

ट्रायलच्या संमतीपत्रात नाव, जन्मतारीख किंवा वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारतात. त्यानंतर नॉमिनीचं, म्हणजे तुम्ही नेमलेल्या वारसाचं, नाव, पत्ता आणि नातं. हा रकाना बरेच जण "नंतर बघू" म्हणून मोकळा सोडतात. तसं करू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची ते त्यावरून ठरतं. नाव बँक पासबुकावर आहे तसंच लिहा.

वाचता येत नसेल तर पथकाबाहेरचा निष्पक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो आणि त्याचीही सही लागते. फक्त अंगठा घेऊन साक्षीदाराची सही मागाहून आणणं नियमात बसत नाही. दुर्बल गटातल्या व्यक्तींना पूर्णपणे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेताना संमतीची प्रक्रिया व्हिडिओवर नोंदवणं बंधनकारक आहे. कातकरी वाडीवर मुखियानं किंवा पोलीस पाटलांनी होकार दिला तरी तो प्रत्येक माणसाच्या संमतीची जागा घेत नाही.

मुलांच्या बाबतीत इथे हमखास अडतं. आईवडील मुंबईत, मूल आजीकडे. आजीची सही चालत नाही, ती कायदेशीर पालक असल्याशिवाय. फोनवर "हो, चालेल" म्हटलेलंही पुरत नाही. ७ वर्षांपुढच्या मुलाला त्याला समजेल असं सांगून त्याचा होकारही घ्यावा लागतो. १२ वर्षांपुढे तो लेखी घेतात.

सही झाल्यावर माहितीपत्रकाची आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत हातात घेऊनच उठा. ती तुमचा हक्क आहे.

तपासणीपासून शेवटच्या भेटीपर्यंत

संमतीनंतरच रक्त घेतलं जातं. त्यात यकृत, मूत्रपिंड, कावीळ आणि बहुतेकदा एचआयव्हीची तपासणी असते. एचआयव्हीसाठी वेगळी संमती आणि समुपदेशन कायद्यानंच लागतं. स्त्रियांची प्रत्येक डोसआधी गर्भतपासणी होते. साध्या प्रतिपिंड चाचणीला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा रक्त पुरतं. पेशींसाठी २० ते ३० मिलीपर्यंत लागू शकतं. प्रत्येक भेटीत किती आणि एकूण किती, हे पत्रकात लिहिलेलं असतं.

खरी लस की प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस, हे चिठ्ठीसारखं संगणक ठरवतो. डॉक्टरांनाही माहीत नसतं. डोसनंतर साधारण अर्धा तास थांबवतात, आणि घरी रोज ताप, सूज, दुखणं लिहायला डायरी देतात. ती शेवटच्या दिवशी आठवून भरू नका. पहिल्या दोन दिवसांतला ताप नेमका त्यातच निसटतो.

तपासणी, औषध, भेटी यांचा एक पैसाही तुमच्याकडून घ्यायचा नसतो.

इजा झाली तर

ट्रायलच्या काळात रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, अगदी बांबोळीला किंवा कोल्हापूरला गेलात तरी, ट्रायलमध्ये मिळालेलं सहभागी कार्ड दाखवा आणि केंद्रावर लगेच कळवा. गंभीर घटना कळल्यापासून २४ तासांत प्रमुख संशोधकानं सीडीएससीओ, प्रायोजक (ट्रायल चालवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. उपचार मोफत मिळायला हवेत, इजेचा ट्रायलशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत.

ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: ८ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. निरोगी सहभागीचा जोखीम घटक ४ असतो आणि ६५ वर्षांवर वयाचा घटकही ९९.३७ च धरतात, म्हणून ६५ वर्षांवरच्या निरोगी माणसाच्या वारसाला ३२ लाख. वय कमी तशी रक्कम वाढते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकानं पैसे द्यायचे असतात. लसीच्या दुष्परिणामाइतकीच ठरलेली पद्धत मोडल्यामुळे किंवा रक्त घेण्यासारख्या प्रक्रियेमुळे झालेली इजाही यात धरतात. दाद मागायची तर पत्रकातल्या एथिक्स कमिटीच्या सचिवांना लेखी कळवा. सीडीएससीओचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे.

मधेच बाहेर पडायचं असेल तर कारण सांगण्याची सक्ती नाही, आणि नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. लसीचा डोस घेतला असेल तर सुरक्षेसाठीची शेवटची तपासणी तेवढी करून घ्या. साठवलेल्या रक्ताचं काय करायचं ते त्याच वेळी लेखी कळवा: पुढच्या संशोधनासाठी ठेवायचं की नष्ट करायचं. संमतीपत्रात यासाठी वेगळी चौकट असते. ती सुरुवातीलाच नीट वाचून भरली असेल तर बाहेर पडताना वाद उरत नाही.