हॉर्नेट (रेडिओ-नियंत्रित बगी) : जोडणी आणि सुधारणा

जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेली १:१० प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित बगी. ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात येते आणि घेणाऱ्याने ती स्वतः जोडायची असते. मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. माती, वाळू, गवत आणि खडी हे तिचे रान. २००४ साली कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. आज नव्याने जोडल्या जाणाऱ्या हॉर्नेट या दुसऱ्या जन्मातल्या आहेत.

मराठीत ‘बग्गी’ म्हटले की डोळ्यांसमोर घोडा आणि वरात येते. या बगीचा वंश मात्र कॅलिफोर्नियाच्या वाळूतला. फोक्सवॅगन बीटलचे यंत्र मागे ठेवून वर हलके कवच चढवलेली ब्रूस मेयर्स यांची ‘मेयर्स मँक्स’ ही गाडी १९६४ साली तयार झाली आणि १९६७ साली तिने मेक्सिकोच्या वाळवंटातील पहिली मोठी शर्यत जिंकली. मागच्या चाकांवर वजन आले की ती वाळूत पकड घेतात, हे सूत्र खेळण्यातल्या बगीनेही उचलले. तामियाच्या रेडिओ गाड्यांची सुरुवात १९७६ च्या पोर्शे ९३४ ने झाली, पण ती गुळगुळीत जमिनीवर चालणारी होती. खडबडीत जमिनीसाठीच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बगी १९७९ साली आल्या. त्यांत धातूचे भाग भरपूर होते, त्यामुळे वजन आणि किंमत दोन्ही जास्त. १९८४ च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या जोडीत प्लास्टिकवर भर देऊन भागांची संख्या कमी ठेवलेली होती. शाळकरी मुलाला घरच्या टेबलावर जोडता येईल अशी बगी खऱ्या अर्थाने तेव्हा आली.

घडण

हॉर्नेटचा सांगाडा म्हणजे प्लास्टिकची एक खोल परात. बॅटरी, रेडिओचे संदेश पकडणारा रिसीव्हर आणि त्या संदेशांप्रमाणे चाके वळवणारी छोटी मोटर, म्हणजे स्टिअरिंगचा सर्व्हो, तिच्या पोटात बसतात. पुढची दोन चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, पण त्यांना फक्त स्प्रिंगा आहेत. मागे स्प्रिंगांची उसळी शमवणारे तेलाचे डँपर असले तरी खरी अडचण मागेच आहे. दोन्ही मागची चाके एकाच ताठ आसावर असून गिअरपेटी आणि मोटर त्या आसालाच जखडलेल्या असतात. त्यामुळे चाकाखाली दगड आला की चाकाबरोबर मोटरसकट सगळे वजन वर उचलले जाते आणि तितक्याच जोराने खाली आपटते. भरधाव हॉर्नेट सशासारखी उड्या मारत जाते, ती यामुळे. काहींना हा दोष वाटतो, काहींना तिचा स्वभाव. प्रस्तुत लेखक दुसऱ्या गटातला.

ग्रासहॉपरचा सांगाडा जवळपास हाच. मूळच्या ग्रासहॉपरमध्ये लहान ३८० आकाराची मोटर होती, हॉर्नेटला ५४० आकाराची मिळाली. ग्रासहॉपरचे कवच जाड, कडक प्लास्टिकचे होते, तर हॉर्नेटचे पातळ, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे.

जोडणी

संचासोबत चित्रांची पुस्तिका येते आणि ती क्रमाने पाळली तर जोडणी अवघड नाही. चुका होतात त्या हत्यारांच्या आणि हाताच्या सवयींमुळे. जपानी संचांतील चौफुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच निसटतो आणि स्क्रूचे डोके खातो. योग्य टोकाचा एक स्क्रू ड्रायव्हर ही पहिली गुंतवणूक.

प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू स्वतःचे आटे स्वतः पाडतात. काढून पुन्हा लावताना स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवावा. ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवला की तो जुन्या आट्यात बसला असे समजावे, मग सुलटा आवळावा. हे न करता सरळ आवळला की जुन्या आट्यांवर नवे आटे पडतात, आणि दोन-तीन वेळांत भोक पोकळ होते. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला, उदाहरणार्थ मोटरच्या स्क्रूला, आटे घट्ट धरणारे द्रव लावतात. ते प्लास्टिकला लागू देऊ नये, त्याने प्लास्टिकला तडे जातात.

गिअरपेटीत वंगण हवे, पण बेताने. डिफरन्शियल हा भाग वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. त्यात घट्ट, चिकट वंगण भरले तर एक चाक हवेत गेले तरी सगळी ताकद तिकडे पळून जात नाही. मोटर पुढेमागे सरकवता येते अशा गाड्यांत मोटरच्या आणि मोठ्या गिअरच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी ठेवून मोटर आवळतात. पट्टी काढली की राहते तेवढी फट पुरे. दाते फार घट्ट बसले तर मोटर तापते, फार सैल राहिले तर दाते झिजतात.

स्टिअरिंग जोडण्याआधी रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणायचा असतो. घाईत हीच पायरी सुटते. मग गाडी सरळ सोडली तरी एका बाजूला ओढते आणि दोष चाकांवर येतो.

कवच रंगवणे ही वेगळीच कला आहे. पॉलिकार्बोनेटचे कवच आतून रंगवायचे असते, म्हणजे रंगाला बाहेरून ओरखडा लागत नाही. त्यामुळे रंगांचा क्रम उलटा होतो. गडद रंग आणि रेघा आधी, फिके रंग शेवटी. पॉलिकार्बोनेटचा रंगही वेगळा मिळतो, साधा स्प्रे मारला तर पहिल्याच धडकेत त्याचे पापुद्रे निघतात. खिडक्यांवर आतून चिकटपट्टी लावतात, आणि बाहेरची संरक्षक झिल्ली सगळ्यात शेवटी सोलतात. ती सोलण्याचे समाधान या छंदातल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

सुधारणा

हॉर्नेट जोडून झाली की बहुतेकांचा हात आधी मोटरकडे जातो. हा क्रम चुकीचा आहे. एक भाग दमदार केला की ताण पुढच्या नाजूक भागावर जातो. जोरदार मोटर बसवली की दाते झिजतात, दाते टिकले तर टायर घसरतात, टायरने पकड घेतली तर गाडी उलटते. म्हणून जाणते लोक उलट्या टोकापासून सुरू करतात.

पहिला मान बेअरिंगचा. संचात आसांच्या आधाराला बहुधा प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्यांत धूळ गेली की त्या झिजतात, चाकांना खेळ येतो आणि गिअरचे दातेही वाकडे घासू लागतात. त्यांच्या जागी छर्ऱ्यांचे बेअरिंग बसवले की गाडी हलकी धावते आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते. या छंदात बेअरिंग आकड्यांनी ओळखतात. ‘११५०’ म्हणजे बाहेरचा व्यास ११ मिमी, आतले भोक ५ मिमी.

मग डँपर. तेलाच्या डँपरमध्ये भोके असलेला दट्ट्या तेलातून सरकतो. तेल जाड किंवा भोके लहान, तेवढी हालचाल संथ. पुढच्या साध्या स्प्रिंगांऐवजी तेलाचे डँपर लावले की हॉर्नेटचे नाक जमिनीला धरून राहते. तेल भरताना दट्ट्या हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघेपर्यंत थांबावे लागते. आत हवा राहिली तर डँपर नावापुरताच उरतो. मागच्या उड्या मात्र डँपरने कमी होतात, जात नाहीत. ताठ आस आहे तोवर त्या राहणारच.

टायर जमिनीप्रमाणे निवडावेत. मऊ मातीत लांब काट्यांचे, कडक जमिनीवर आखूड काट्यांचे.

यानंतर मोटर. ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे संपर्क) असलेल्या मोटरची ताकद साधारणपणे तारेच्या वेढ्यांवरून सांगतात. वेढे कमी असले की तारेचा रोध कमी होतो, प्रवाह जास्त ओढला जातो आणि फेरे वाढतात. अर्थात उष्णताही वाढते, आणि मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाला तेवढा प्रवाह झेपला पाहिजे. जुन्या गाड्यांत वेग यांत्रिक पद्धतीने बदलत असे. सर्व्हो एक संपर्कपट्टी सरकवायचा आणि कमी वेगात बॅटरीची बरीच ऊर्जा रोधकात उष्णता होऊन जायची. तो रोधक इतका तापे की बोटाला चटका बसे. आता त्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आहे. ब्रशविरहित मोटर घालायची तर नियंत्रकही त्याच जातीचा लागतो.

बॅटरीतला बदलही सरळ नाही. जुनी निकेलची बॅटरी म्हणजे १.२ व्होल्टचे सहा सेल, एकूण ७.२ व्होल्ट. दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा दाब ७.४ व्होल्ट, म्हणजे आकड्यात फरक किरकोळ. पण निकेलची बॅटरी हळूहळू थकते, तर ही जवळपास शेवटपर्यंत जोर धरते, आणि एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमची बिघडू शकते. म्हणून वेळीच प्रवाह तोडणारा नियंत्रक लागतो. जुन्या साच्याच्या पराती गोल सेलच्या हिशेबाने केलेल्या असतात, त्यांत चौकोनी कडांची बॅटरी बसेलच असे नाही. काही जण कानशीने कडा घासतात, काही जण निकेलवरच राहतात.

रेडिओमधला बदल सर्वांत सुखाचा. पूर्वीचे संच २७ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर, नेमकी वारंवारता ठरवणाऱ्या बदलत्या स्फटिकांनी चालत. एकाच स्फटिकाच्या दोन गाड्या एका मैदानात आल्या की एकाचे स्टिअरिंग दुसऱ्याची गाडी वळवत असे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांशी जोडी बांधतात, त्यामुळे स्फटिकांची ती अदलाबदल इतिहासजमा झाली.

शर्यतीचा विचार करणाऱ्यांनी मात्र तेव्हाही दुसरा रस्ता धरला होता. १९८४ सालीच अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची आरसी-१० आली. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा होता आणि चारही चाकांना तेलाचे डँपर होते. १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मार येथे १:१० बगींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. फक्त दोन चाकांना ताकद मिळणाऱ्या बगींचा विभाग जे हॅल्सी या स्पर्धकाने आरसी-१० वर जिंकला. हॉर्नेटला तेल, बेअरिंग, मोटर असे सगळे घालून आरसी-१० च्या जवळ नेण्याचे प्रयत्न आजही होतात. तोवर खर्च आरसी-१० एवढा होतो, आणि मागचा आस ताठच राहतो.